कुरकुरीत वांग्याचे काप : मंडईपासून पानापर्यंत

वांग्याचे काप तव्यावरून उतरवताना कुरकुरीत असतात आणि पानात वाढेपर्यंत मऊ पडतात, ही तक्रार मला नात्यातल्या आणि शेजारच्या कितीतरी जणींनी सांगितली आहे. त्यातल्या बहुतेक जणी मसाल्याचं प्रमाण विचारतात. मसाल्याने कापाला चव येते, पण कुरकुरीतपणा येतो तो वांग्यातल्या पाण्याची नीट सोय लावल्यावर. वांग्यात शंभरातले सुमारे ९२ भाग पाणी असतं. ते आधी किती काढलं, तव्यावर त्याची वाफ मोकळी सुटली का आणि काप उतरवल्यावर ती वाफ खाली अडकली का, या तीन ठिकाणी काप जमतो किंवा फसतो. खाली जे काही सांगितलं आहे ते सगळं पाण्याभोवतीच फिरतं.

माझं माहेर वाईजवळचं आणि सासर सांगलीचं. आई काप तांदळाच्या पिठात घोळवायची, सासूबाई शाळूच्या, म्हणजे ज्वारीच्या पिठात. दोघींच्या कापांवर मी वाढले आणि जेवले, आणि आता माझ्या घरी दोन्ही पिठं एकत्र येतात.

हे प्रमाण चार माणसांना वरण-भाताबरोबर तोंडी लावायला पुरतं. एक मोठं भरताचं वांगं, साधारण ४०० ते ४५० ग्रॅमचं, म्हणजे सेंटिमीटरभर जाडीचे चौदा-पंधरा काप होतात. बाकी लागणारे जिन्नस जिथले तिथे सांगते.

वांगं कोणतं घ्यायचं

सांगलीच्या मंडईत उभं राहिलं की "कृष्णाकाठची, कृष्णाकाठची" ही हाक कानावर पडतेच. नदीकाठच्या मळीच्या रानातली ही वांगी चवीला गोडसर, सालीला पातळ आणि शिजायला सोपी. भरल्या वांग्याला आणि रश्श्याला त्यांच्यासारखं दुसरं वांगं नाही, असं मी कुणापुढेही म्हणेन. पण कापांसाठी मी ती पहिल्यांदा घेत नाही. ती आकाराने लहान असतात, आडवी चिरली तर रुपयाएवढ्या चकत्या निघतात, आणि एवढ्याशा चकतीत बाहेरचं पीठ जास्त आणि आतला मऊ गर कमी होतो. कापाची मजा वरचं कुरकुरीत कवच आणि आतला लोण्यासारखा गर, या दोन्हीत मिळून आहे.

म्हणून भरताचं मोठं जांभळं वांगं घ्या. आकाराने मोठं पण हाताला हलकं लागेल असं निवडा. दोन सारख्याच आकाराची वांगी दोन हातांत धरून बघितली की फरक कळतो. जड वांग्यात बिया भरलेल्या असतात, आणि बियांचं वांगं तळताना बियांच्या रांगेत फाटतं, शिवाय कडवटही लागतं. साल चकचकीत हवी. अंगठ्याने हलकं दाबून बघा. खळगा पडून लगेच भरून आला तर वांगं ताजं, खळगा तसाच राहिला तर ते आतून पिंजलेलं आहे. दाबलंच जात नसेल तर अजून कोवळं आहे, तेही चालतं. देठ आणि देठावरची टोपी हिरवी हवी, तपकिरी सुकलेली नको.

पावसाळ्यात एक गोष्ट आणखी बघा. फळ पोखरणारी अळी आत शिरते ते भोक टाचणीच्या टोकाएवढं असतं आणि पुष्कळदा टोपीखाली लपलेलं असतं. टोपीची पाकळी नखाने जरा उचलून बघायला भाजीवाल्या मावशींची कधी ना नसते.

मोठं वांगं मिळालंच नाही तर कृष्णाकाठचीच घ्या, पण आडवी चिरू नका. देठासकट उभे, लांबट काप काढा. एका वांग्याचे चार-पाच होतात, दिसतातही सुरेख.

चिरणं आणि पाण्यात न टाकणं

वांगं धुऊन आधी पुसून कोरडं करा, मग चिरा. साल काढू नका. साल ही कापाची कड आहे, ती काढली की तव्यावर उलटताना काप उलथन्यावरच मोडतो.

जाडी एक सेंटिमीटर, म्हणजे करंगळीच्या रुंदीपेक्षा किंचित कमी. याहून पातळ काप चिप्ससारखे वाळतात आणि आत गर उरत नाही. याहून जाड असले तर आतून कच्चे राहतात, मग झाकण ठेवायचा मोह होतो, आणि झाकण ठेवलं की वाफ परत कापावर पडते. सगळे काप एकाच जाडीचे असणं मसाल्याच्या प्रमाणापेक्षाही महत्त्वाचं आहे, कारण एका घाण्यातले, म्हणजे एका वेळी तव्यावर टाकलेले, सगळे काप एकाच वेळी उलटायचे असतात. विळीवर हात बसला असेल तर विळीच घ्या. सुरी असेल तर धारेची हवी. बोथट सुरीने गर दाबला जातो आणि काप पाचरीसारखा एका बाजूला जाड होतो.

आता सवय मोडायची गोष्ट. आपण भाजीसाठी वांगी चिरली की थेट पाण्यात टाकतो, काळी पडू नयेत म्हणून. भाजीसाठी ते बरोबर आहे. कापांसाठी मात्र तसं करू नका. वांग्याचा गर स्पंजासारखा असतो, त्यात हवेच्या असंख्य बारीक पोकळ्या असतात आणि त्या पाणी पिऊन घेतात. जे पाणी आपल्याला बाहेर काढायचं आहे तेच आपण आत भरतो. चिरल्यावर वांगं जरा तपकिरी पडतं ते हवा लागल्यामुळे. त्याने चव बिघडत नाही, आणि मसाल्याखाली तो रंग दिसतही नाही.

मीठ आणि वीस मिनिटं

ही पायरी पुष्कळजणी वगळतात, आणि तिथेच काप फसतो.

परातीत किंवा मोठ्या ताटात काप एकमेकांवर न चढवता पसरा. सपाट एक चहाचा चमचा मीठ चिमटीने दोन्ही बाजूंना भुरभुरा. बारीक मीठ सारखं पसरतं, जाडं मीठ एके ठिकाणी पडून तिथेच खारट होतं. मग परात एका बाजूने वाटी ठेवून कलती करा आणि वीस ते पंचवीस मिनिटं विसरून जा.

परत बघाल तेव्हा कापांवर घामासारखे थेंब आलेले असतील आणि परातीच्या खालच्या कडेला तपकिरी पाणी साचलेलं असेल. मिठाने गरातलं पाणी बाहेर ओढलं. त्याचबरोबर दुसरंही एक काम झालेलं असतं, आणि मला वाटतं तेच मोठं आहे. पाणी गेल्यावर त्या हवेच्या पोकळ्या खाली बसतात, काप किंचित लवचिक होतो. वांगं तेल पितं अशी जी त्याची ख्याती आहे ती या पोकळ्यांमुळे. त्या बसल्या की तेल शिरायला जागाच कमी उरते. मीठ लावलेले आणि न लावलेले काप एकाच तव्यावर शेजारी शेजारी तळून बघा. न लावलेल्यांच्या खालचं तेल बघता बघता आटतं.

आता काप धुवायचे नाहीत. सुती पंचा किंवा जुन्या धोतराचं धुतलेलं फडकं घ्या, अर्ध्यावर काप मांडा, उरलेलं अर्धं वरून घाला आणि तळव्याने हलके दाबा. पिळू नका, काप तुटतात. फडकं ओलं झालं की कोरड्या बाजूने पुन्हा एकदा टिपा. वरवरचं मीठही यात बरंचसं निघून जातं, आत मुरलेलं पुरतं.

ओला मसाला

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात ज्याला आपण नुसतं "चटणी" म्हणतो तो कांदा-लसूण मसाला कापांना हवाच, असं माझं मत आहे. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची चटणी होते, मिरच्या वाळत पडतात आणि मसाला कुटायच्या डंकापुढे पातेली घेऊन बायका रांगेत उभ्या असतात. त्या चटणीचा वास ज्या कापाला नाही तो मला परक्या गावचा वाटतो.

पण ही चटणी तव्यावर जपून वापरावी लागते. तिच्यात तळलेला कांदा, लसूण, सुकं खोबरं, तीळ असं सगळं आधीच भाजून घातलेलं असतं. हे जिन्नस गरम तेलात उघडे पडले की अर्ध्या मिनिटात काळे होतात. काप कडू लागला की पुष्कळदा दोष वांग्याला मिळतो, कडू झालेली असते वरची चटणी. म्हणून चटणी कापाला चिकटून आतल्या थरात आणि तिच्यावर पिठाचं पांघरूण. पिठाच्या आड ती गरम होते, वास सोडते, पण जळत नाही.

एका वाटीत दोन चहाचे चमचे कांदा-लसूण मसाला, एक चमचा धने-जिरे पूड, अर्धा चमचा हळद, पाव चमचा हिंग, दोन चमचे चिंचेचा दाट कोळ आणि एक चमचा तेल घेऊन कालवा. चटणी घरची तिखटजाळ असेल तर दीडच चमचा घ्या. पाणी घालू नका. लेप मेंदीपेक्षा किंचित सैल हवा. फारच घट्ट वाटला तर कोळ अर्धा चमचा वाढवा. मीठ घालायचं नाही, कारण कापात मुरलेलं आहे आणि चटणीतही असतंच. शंका असेल तर लेप जिभेवर लावून बघा.

हळदीबद्दल सांगलीकर म्हणून जरा थांबते. इथल्या बाजारात हळदीचे सौदे पिढ्यान् पिढ्या होत आले आहेत. जवळच हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाकाठी जमिनीत खोल पेवं खणून हळद साठवायची पद्धत होती. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. तर हळदीचा रंग पाण्यात नीट उतरत नाही, तेलात उतरतो. लेपात तो एक चमचा तेल मी घालते ते याच कारणाने. तेलात कालवलेली हळद आणि तिखट कापावर सारखं पसरतं, पिवळे-लाल ठिपके राहत नाहीत.

चिंच का? वांग्याच्या गोडसर गराला आंबटाची जोड लागते. लिंबू चालतं, पण लिंबाचा रस पातळ असतो, लेप ओघळतो. आमसुलाचा आगळही पातळच. दही अजिबात नको, त्यातलं पाणी सुटतं आणि आपण वीस मिनिटं केलेली मेहनत वाया जाते.

लेप बोटांनी दोन्ही बाजूंना चोळा, थर पातळ हवा. कडेच्या सालीला लावायची गरज नाही. दहा मिनिटं ठेवा. मासे मुरवतो तसं तासभर मुरवू नका. चटणीतल्या मिठाने कापातून आणखी पाणी सुटायला लागतं आणि लेप ओघळतो.

कोरडं पीठ

ताटलीत चार मोठे चमचे तांदळाचं पीठ, तीन मोठे चमचे बारीक रवा, एक मोठा चमचा शाळूचं पीठ आणि रंगापुरतं अर्धा चहाचा चमचा बेडगीचं तिखट एकत्र करा. यात मीठ नको, हे पुन्हा सांगते. बाहेरच्या पिठात मीठ असलं की ते कापातलं पाणी ओढून स्वतः ओलं होतं.

प्रत्येकाचं काम वेगळं आहे. तांदळाच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नाही, त्यामुळे ते तळून कडक आणि हलकं होतं. रव्याचे दाणे तळले की दाताखाली आवाज करतात, आणि दाण्यांमधल्या फटींतून वाफ बाहेर पडते. शाळूच्या पिठाने रंग खमंग येतो आणि भाकरीच्या पापुद्र्यासारखी चव येते. सासूबाई निव्वळ शाळूचं पीठ घ्यायच्या. त्यांचे काप चवीला अप्रतिम, पण कवच पाच-सात मिनिटांत नरम पडायचं. बेसनाचंही तेच, ते लवकर मऊ होतं, आणि मग काप भज्याच्या वळणावर जातो. मैदा आणि कॉर्नफ्लोअर मी वापरत नाही, तांदळाचं पीठ घरात असताना त्यांची गरजच पडलेली नाही.

पावसाळ्यात डब्यातला रवा दमट झालेला असतो. मंद आचेवर दोन-तीन मिनिटं कोरडा भाजा आणि पूर्ण गार करून मग पिठात मिसळा. गरम रवा कापावर टाकला तर लेपाचा चिखल होतो.

काप पिठात ठेवा, वरून पीठ टाका, तळव्याने दाबा, उलटा, पुन्हा दाबा. मग दोन बोटांनी उचलून ताटलीच्या कडेवर हलकेच आपटा. सुटं पीठ झडायलाच हवं, नाहीतर ते तेलात पडून जळतं आणि दुसऱ्या घाण्याच्या कापांना काळे कण चिकटतात.

आणि काप तव्यावर जाण्याच्या क्षणीच पिठात घोळवायचा. हे मी एका बारशाच्या वेळी शिकले. चाळीस पानं होती. आपलं आधी सगळं तयार असावं म्हणून मी आणि जावेने दीडशे-पावणेदोनशे काप पिठात घोळवून परातींत मांडून ठेवले आणि बाकीच्या स्वयंपाकाला लागलो. तासाभराने तव्यावर टाकायला घेतले तर प्रत्येक कापाचं पीठ ओलं होऊन परातीला चिकटलेलं. उचलला की खालची बाजू उघडी. तेलात टाकल्यावर उरलेलंही सुटलं. तो सगळा घाट आम्हाला निम्म्यावर सोडावा लागला आणि पानांत पापड वाढून वेळ निभवावी लागली. तेव्हापासून माझ्याकडे एकजण पिठाच्या ताटलीशी आणि एकजण तव्याशी असतो. एकटी असेन तर एका घाण्यापुरतेच काप घोळवते.

तवा, तेल, आच

बिडाचा तवा असेल तर तोच काढा. तो जड असतो, एकदा तापला की थंड काप टाकल्यावरही पटकन गार पडत नाही. नाहीतर जाड बुडाचा पसरट तवा, कड थोडी वर असलेला. पातळ तव्यावर मध्यभागी काप जळतात आणि कडेचे पांढरे राहतात.

तेल शेंगदाण्याचं. आमच्याकडे अजून लाकडी घाण्यावरचं तेल मिळतं आणि त्याचा वास या कापांना फार शोभतो, पण ते गाळीव तेलापेक्षा लवकर धुरावतं. म्हणून आच मोठी करून चालत नाही. तव्यात तेल इतकं हवं की कापाची निम्मी जाडी त्यात बुडेल. पहिल्या घाण्याला साधारण पाच-सहा मोठे चमचे. चमचाभर तेलात काप "भाजतात", आणि पिठावर पांढरे, कोरडे डाग राहतात. तेल कमी वापरलं म्हणजे कमी पोटात जातं असंही नाही. कमी, कोमट तेलात काप जास्त वेळ राहतो आणि सगळंच पिऊन टाकतो.

तापमापक असेल तर १७५ ते १८० अंश सेल्सिअस. नसेल तर रव्याची चिमूट तेलात टाका. दाणे लगेच वर येऊन भोवती बारीक बुडबुडे धरले आणि काळे पडले नाहीत, की तेल तयार आहे. दाणे तळाशी बसले तर थांबा. लगेच काळे झाले तर गॅस बंद करून मिनिटभर जाऊ द्या.

तळणं

नेहमीच्या अकरा इंची तव्यावर एका वेळी पाच काप. सात बसतात, पण बसवू नका. प्रत्येक काप आपल्याभोवती वाफ सोडत असतो, आणि काप एकमेकांना चिकटले की ती वाफ शेजारच्याचं कवच ओलं करते. शिवाय एकदम जास्त काप पडले की तेल गार होतं.

काप कडेने आत, आपल्यापासून दूर सोडा म्हणजे तेल अंगावर उडणार नाही. टाकल्याबरोबर चुर्र असा मोठा आवाज यायला हवा. आच मध्यम ठेवा आणि पहिली तीन मिनिटं कापांना हात लावू नका. पीठ अजून कच्चं असताना उलथनं घातलं तर कवच तव्यालाच राहतं. कवच पक्कं झालं की काप स्वतःहून सुटतो, तवा जरासा हलवला की घसरतो. साडेतीन-चार मिनिटांनी खालची कड बदामी दिसली की उलटा. दुसऱ्या बाजूला तीन मिनिटं पुरतात.

झाकण ठेवायचं नाही. आतून शिजेल का ही भीती असते, पण एक सेंटिमीटरचा मीठ लावलेला काप सात मिनिटांत शिजतोच. सुरीचं टोक मध्यभागी घालून बघा, लोण्यात जावं तसं गेलं पाहिजे.

कानाने तळायला शिका असं आई म्हणायची. सुरुवातीचा आवाज मोठा आणि ओला असतो, ती पाण्याची वाफ. आवाज बारीक, कोरडा, तडतडता झाला की कवचातलं पाणी गेलं. डोळ्यांना बदामी दिसत असूनही आवाज अजून मोठा असेल तर आच थोडी कमी करून आणखी मिनिटभर ठेवा.

आता उतरवायची रीत. तेलात असताना वाफ बाहेर ढकलत असते, म्हणून तेल आत शिरू शकत नाही. काप बाहेर काढला की वाफ थांबते, काप गार व्हायला लागतो आणि वर चिकटलेलं तेल त्याच वेळी आत ओढलं जातं. म्हणजे काप तेलकट होतो तो बराचसा तव्याबाहेर आल्यावर. म्हणून शेवटी आच अर्धा मिनिट वाढवा, काप उलथन्याने उचला, तव्याच्या कडेला उभा टेकवा आणि मनात पाच आकडे मोजा. निथळणारं तेल परत तव्यात जाऊ द्या, मग काढा.

दर घाण्यानंतर तळाशी बसलेलं पीठ बारीक जाळीच्या गाळणीने काढा, दोन चमचे तेल घाला आणि ते पुन्हा तापू द्या. ही मधली मिनिटभराची सवड घाईत खाल्ली जाते, आणि दुसरा घाणा पहिल्यासारखा होत नाही.

काढून कुठे ठेवायचे

कागदावर ठेवू नका. कागद वरवरचं तेल टिपतो हे खरं, पण गरम काप सपाट कागदावर ठेवला की खालून निघणारी वाफ तिथेच अडकते, कागद ओला होतो आणि कापाची ती बाजू भिजते. सासूबाई रोवळी, म्हणजे तांदूळ धुवायची टोपली, पालथी घालायच्या आणि काप तिच्या अंगाला कौलांसारखे टेकवून ठेवायच्या. वाफ वर आणि खाली दोन्हीकडून निघून जाते. रोवळी नसेल तर पिठाची चाळण पालथी घाला, किंवा जाळीचा स्टँड घ्या. काप एकावर एक रचायचे नाहीत, डब्यात भरून झाकायचे तर नाहीतच.

गरम असतानाच वरून चिमूटभर तिखट-मीठ हवं असेल तर या वेळी भुरभुरा, आता पाणी सुटायला वेळ उरलेला नसतो. कोथिंबीर घालायची तर पानात वाढताना बाजूला घाला.

कांदा-लसूण नको असेल तेव्हा

आमच्याकडे चातुर्मासात कांदा, लसूण आणि वांगं तिन्ही बंद असतं. कांदेनवमीला शेवटचं खाऊन घ्यायचं आणि चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यात भरीत-रोडगा झाला की वांगं पुन्हा घरात येतं. पाळणाऱ्यांनी आपापल्या घरच्या रीतीने पाळावं. पण ज्यांच्याकडे फक्त कांदा-लसूण बंद असतो किंवा नैवेद्याला बिनकांद्या-लसणाचे काप लागतात, त्यांनी चटणीऐवजी दीड चमचा साधं लाल तिखट आणि एक चमचा गोडा मसाला घ्यावा, हिंग दुप्पट करावा. मीठ चटणीतून येणार नाही, म्हणून लेपात दोन चिमटी घालावं. गोडा मसाला चटणीइतका पटकन जळत नाही, त्यामुळे हे काप तळायला उलट सोपे जातात.

जास्त माणसांसाठी

मीठ लावून टिपलेले काप कोरड्या फडक्यात गुंडाळून दोन-तीन तास ठेवता येतात. तिथपर्यंतची तयारी आधी करून ठेवा. लेप जेवणाआधी पाऊण तास, पीठ तव्याशी. दोन तवे लावा. आणि पहिले दोन घाणे होईपर्यंत माणसांना पानावर बसवू नका, पण तिसरा घाणा तव्यावर असताना बसवा, म्हणजे वाढप आणि तळण बरोबरीने चालतं. पंचवीस पानांपर्यंत हे एका घरात जमतं. त्यापुढे काप ठरवू नका, भरीत करा.

एअर फ्रायरमध्ये करायचे तर पीठ लावलेल्या कापांवर दोन्हीकडून ब्रशने तेल लावा. १९० अंशांवर पंधरा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. कवच कडक होतं, पण तव्यावरच्या तळणीचा खमंगपणा येत नाही. ज्यांना तेल वर्ज्य आहे त्यांच्यासाठी मी हे आनंदाने करते.

उरलेले काप

सकाळचे काप संध्याकाळी कुरकुरीत करायचे तर कोरड्या, तेल न घातलेल्या तव्यावर मंद आचेवर दोन्हीकडून तीन-तीन मिनिटं. त्यांच्यातलंच तेल सुटतं, वरचं घालू नका. मायक्रोवेव्हमध्ये काप गरम होतात आणि आणखी मऊ पडतात.

दुसऱ्या दिवसापर्यंत राहिलेच तर त्यांना पुन्हा कडक करायच्या मागे लागू नका. फ्रिजमध्ये ठेवलेले काप हाताने मोडून गोड, घट्ट दह्यात घाला, वर बारीक चिरलेला कांदा आणि मोहरी-हिंगाची चरचरीत फोडणी. भिजलेल्या रव्याला आणि आतल्या चटणीला दह्यात एक वेगळीच चव येते. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर आमच्या घरी हे दही-काप खाण्यासाठी मुद्दाम दोन काप लपवून ठेवले जातात.